छपरातलं बिऱ्हाड

या खेपेला टपालात निम्मी पत्रं मधमाश्यांची आहेत. फुलांचा हंगाम आला की हे असंच होतं. आधी दोन महिने ‘ताई, बागेत माशी फिरकत नाही’ अशी तक्रार, आणि मग ‘ताई, माशी घरात आली’ अशी. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्या घरात फवारा आधीच आणून ठेवलेला आहे.

प्रश्न : ताई, आमचं घर जुनं आहे. वर कौलं आणि माडीच्या खोलीला आतून फळ्यांचं छत. बारा दिवसांपूर्वी भर दुपारी अंगणात घोंघावण्याचा आवाज वाढला. बाहेर येऊन बघते तर माश्यांचा ढगच. पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या वळचणीच्या एका फटीतून आत शिरल्या. तेव्हापासून त्यांची ये-जा चालू आहे. सासरे म्हणतात, ‘असू देत, आपलं काय खातात?’ दिरांनी फवारा आणून ठेवलाय. माझा मुलगा सहा वर्षांचा, दिवसभर अंगणात असतो. आणि मी एवढी फुलझाडं लावली म्हणून माश्या आल्या, असं सगळे मलाच बोलतात. झाडं काढून टाकू का?

उत्तर : झाडं काढू नका. हे वाक्य घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, मग पुढचं.

मधमाशी फुलासाठी दोन-दोन किलोमीटर सहज जाते. तुमची झाडं गेली तर ती पलीकडच्या बागेत जाईल आणि संध्याकाळी मुक्कामाला तुमच्याच छपरात येईल. घर ती फुलं बघून धरत नाही, पोकळी बघून धरते. 1949 साली मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाला झुडपाला लटकलेल्या एका थव्यावर काही माश्या नाचताना दिसल्या. मधमाशी नाचून दुसरीला पत्ता सांगते, हे तोवर त्याच्या गुरूंनी, कार्ल फॉन फ्रिश यांनी, उलगडलेलं होतं. पण तो नाच मकरंदाचा आणि परागाचा. या माश्यांच्या अंगावर पराग नव्हताच. कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या भुकटीनं लाल. त्या फुलांवरून आलेल्याच नव्हत्या. धुराड्यांत आणि पडक्या भिंतींत जागा बघून आल्या होत्या. पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत थॉमस सीली यांनी वेगवेगळ्या मापांच्या पेट्या टांगून पाहिलं, की थव्याला नेमकं काय आवडतं. युरोपीय मधमाशीची पसंती निघाली ती अशी : साधारण 40 लिटरची पोकळी, दार अगदी लहान, जमिनीपासून उंच, आणि आत कुणाचं जुनं पोळं असेल तर फारच छान. आता तुमची वळचण डोळ्यांसमोर आणा. फट लहान, उंचावर, आत कौलं आणि फळ्या यांच्यामध्ये अंधारी जागा. जाहिरात दिली असतीत तरी यापेक्षा बरं घर त्यांना मिळालं नसतं. सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, तर याहून लहान पोकळीतही सुखानं राहते.

दिरांना सांगा, फवारा परत करा. हे मी पोथीतलं सांगत नाही. माझ्या स्वतःच्या माळ्यावर एकदा मोहोळ होतं आणि मी, तेव्हा पुरेशी अडाणी असल्यामुळे, एका औषध मारणाऱ्याला बोलावलं. त्यानं फटीतून नळी घातली, दहा मिनिटांत काम झालं, पैसे घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी वास सुटला. आठव्या दिवशी छताच्या गिलाव्यावर तपकिरी डाग पडला. आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. मग तिथून थेंब. माश्या जिवंत असतात तोवर पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. त्या मेल्या की मेण उन्हानं मऊ पडतं, पोळं तुटून खाली येतं, उघडा पडलेला मध हवेतलं पाणी ओढून आंबतो. त्यावर मुंग्या, मुंग्यांनंतर मेणकिडा. गादी टाकावी लागली. आणि तो विषारी मध लुटायला दुसऱ्या कुठल्या वसाहतीच्या माश्या आल्या, त्या किती मेल्या ते मी मोजलं नाही, खिडकीच्या चौकटीत रोज झाडून काढत होते एवढं आठवतं. पुढच्या हंगामात त्याच फटीत नवा थवा आला. जुन्या मेणाचा वास हेच त्याचं आमंत्रण.

फट बुजवणं हा दुसरा शहाणपणा. दिरांनी फवारा ठेवला की लांबी नाहीतर सिमेंट घेऊन ते चढतील, म्हणून आधीच सांगते. बाहेरचं दार बंद झालं की आतल्या माश्या उजेडाकडे वाट काढतात, आणि फळ्यांच्या फटींतून दिसणारा उजेड म्हणजे तुमची माडीची खोली.

आता सासरे. त्यांचं मन चांगलं आहे, पण या घरात त्यांचंही मी ऐकणार नाही. जाड दगडी भिंतीत, दोन मजले वर, माणसांच्या वाटेपासून दूर मोहोळ असतं तर मीही म्हटलं असतं, असू देत. तुमच्याकडे फळ्यांचं छत आणि खाली सहा वर्षांचं पोर. पोळी वाढत जातात, वजन वाढतं, आणि साठलेल्या मधाची राखण जितकी मोठी तितका त्यांचा ताप वाढतो. म्हणून मधपाळाला, म्हणजे मधमाश्या पाळणाऱ्याला, बोलावून मोहोळ जिवंत दुसरीकडे हलवायचं. आज काम सोपं आहे. बारा दिवस झाले म्हणजे साधारण कुठवर आलं असेल बघा : अंडं तीन दिवस, मग पाच-सहा दिवस अळी, मग घर मेणानं बंद, आणि सगळं मिळून कामकरी माशी बाहेर यायला तीन आठवड्यांच्या आसपास. म्हणजे तुमच्या छपरात अजून नवी माशी जन्मलेली नाही. पोळी तळहातापेक्षा थोडी मोठी असतील. हे घोंगडं भिजत ठेवलंत तर दोन महिन्यांनी अर्धं पाखं उघडावं लागेल.

मधपाळाला बोलावण्याआधी दोन गोष्टी तुम्हीच करा. पहिली, सकाळी नऊच्या सुमाराला फटीपासून लांब, बाजूला खुर्ची टाकून बसा, समोर नको. आत जाणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांकडे बघा. पिवळे, भगवे, कधी पांढरट गोळे चिकटलेले दिसले तर तो पराग, आणि पराग म्हणजे आत पिल्लं आहेत, राणी आहे, संसार मांडलेला आहे. दुसरी गोष्ट रात्रीची. दिवा मालवून खोलीत स्टूलवर चढा आणि छताच्या फळ्यांवर तळहात टेकवत सरका. एका जागी फळी कोमट लागेल. पिल्लं असलेला भाग माश्या 34-35 अंशांवर धरून ठेवतात, आणि फळी पातळ असेल तर ती ऊब हाताला कळते. तिथं पितळी पेला उपडा टेकवून कान लावा. दूरवर पंखा चालू असल्यासारखा आवाज येतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खाली उतरायचं विसरले होते. त्या जागेभोवती खडूनं खूण करा. मधपाळाला नेमकी तीच फळी काढता येईल, सगळं छत उचकटायला नको.

मधपाळ खरा की मधाचा लुटारू, हे ओळखायला एकच प्रश्न विचारा : ‘पेटी आणाल ना?’ जो बादली आणि पलिता घेऊन येतो आणि ‘मध माझा’ म्हणतो, त्याला दारातूनच निरोप द्या. तो माश्या जाळतो, पिल्लं टाकून देतो आणि मेण तसंच ठेवून जातो. खरा मधपाळ धुरकट्यातून हलका धूर देतो. धुरानं माश्या मध पिऊन घ्यायला धावतात आणि धोक्याचा वासही त्यांना नीट लागत नाही. मग तो पिल्लांची पोळी कापून, वरची बाजू वरच ठेवून, लाकडी चौकटीत दोऱ्यानं बांधतो. राणी पेटीत गेली की उरलेल्या पाठोपाठ जातात. हे बघण्यासारखं असतं : दारात बसून काही माश्या शेपटी वर करतात, पंख हलवतात आणि ‘इकडे या’ असा वास मागच्यांकडे सोडतात. कामाला गेलेल्या माश्या संध्याकाळी परततात, म्हणून पेटी अंधार पडेपर्यंत त्याच जागी ठेवायची आणि रात्री दार बंद करून न्यायची. निदान तीन-चार किलोमीटर लांब. परसात ठेवली तर सकाळी सगळ्या जुन्या फटीपाशी हजर.

आणि त्यानंतरचं काम, जे कुणीच करत नाही. फळी लगेच ठोकून टाकू नका. मेण खरवडा, मधाचे डाग साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, सुकू द्या, मग पोकळीत काहीतरी ठासून भरा आणि वळचणीला जाळी मारा. जाळीचं भोक तीन मिलिमीटरहून मोठं नको. पोकळी रिकामी आणि वासाची राहिली तर पुढच्या हंगामात हेच पत्र तुम्ही मला पुन्हा लिहाल.

तोवर मुलाचं. फटीतून निघालेली माशी सरळ रेषेत उडते. त्या रेषेत कुणी खेळलं की धडक होते आणि मग डंख. त्या बाजूला माणसापेक्षा उंच असा पडदा किंवा चटई उभी करा, माश्या उठून वरून जातील. डंख झालाच तर नांगी तिथंच राहते आणि तिची पिशवी विष ढकलत राहते. म्हणून नखानं, चिमटीनं, कशानंही, पण तत्काळ काढा. खरवडावी की ओढावी यावर वाद घालण्यात जो वेळ जातो तोच वाईट. मग तिथून दूर जा. नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना ‘इथं मारा’ असं सांगतो. जागा साबणानं धुवायची, गार पाण्याची पट्टी ठेवायची. पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, गरगरलं, तर घरगुती काही करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : माळ्याच्या झरोक्याशी तीन दिवस सकाळी दहा-पंधरा माश्या घिरट्या घालतात. आत जातात, भिंतीवर चालतात, बाहेर येतात. पराग नाही, काही नाही. संध्याकाळी एकही नसते.

उत्तर : तुम्ही नशीबवान. वरच्या बाईंना जे बारा दिवसांनी करावं लागतंय ते तुमचं आज रात्री पाच मिनिटांत होईल. या टेहळ्या माश्या. घर बघायला आल्यात. आत चालून चालून जागा मोजतायत. रात्री बॅटरी घेऊन माळा तपासा, कुणी मागे राहिलेली नाही ना बघा, आणि झरोक्याला बारीक जाळी ठोका. उद्या त्या येतील, जाळीवर दहा मिनिटं फिरतील आणि दुसरीकडे बघतील.

याच विषयात आणखी एकीनं विचारलंय, की आंब्याच्या फांदीला माश्यांचा घोस लटकलाय, काय करू? काहीच करू नका. तो थवा बिऱ्हाड घेऊन निघालाय, घर ठरेपर्यंत थांबलाय. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत जाईल. पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात आणि राखायला पोळं नसतं, म्हणून त्या तेव्हा सगळ्यांत शांत असतात. याचा अर्थ काठी घालून बघा असा नाही. आणि आधी त्या आग्या माश्या नाहीत याची खात्री करून घ्या. आग्या मोठी, तिचं एकच भलंमोठं पोळं उघड्यावर लोंबतं, आणि जवळ गेलं की त्यावरून लाटेसारखी थरथर धावते. तिथून मुकाट्यानं मागे फिरायचं. ती काढायचं काम फक्त जाणकाराचं.

प्रश्न : माझ्या गुलाबाच्या पानांना कुणीतरी गोल गोल कापतंय. कडा इतक्या साफ, जणू कात्रीनं. अळी शोधली, सापडली नाही. तीन वेळा औषध मारलं. उपयोग शून्य.

उत्तर : शून्यच होणार. जी कापते ती खात नाही, मग औषध तिच्या पोटात जाणार कसं? ही पान कापणारी माशी, मधमाशीची चुलतबहीण. एकटी राहते, पोळं नाही, राणी नाही. दहाच्या उन्हात गुलाबापाशी गप्प उभे राहा. ती पानाच्या काठावर बसते, पायांत कड धरते आणि स्वतःभोवती फिरत जबड्यानं कापत जाते. काही सेकंदांचं काम. तुकडा सुटायला आला की मजा बघा : ती ज्या तुकड्यावर बसलीय तोच कापतेय, म्हणजे पडायची तीच. शेवटच्या धाग्याला ती पंख सुरू करते आणि तुकड्यासकट थोडी खाली जाऊन मग वर उठते. मी कितीदा तरी पाहिलंय, अजून एकदाही आपटलेली नाही.

लांबट तुकड्यांची ती सुरळी करते, पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात बसवते, आत पराग-मकरंदाचा गोळा आणि एक अंडं. गोल तुकडे झाकणाला. तिचा पराग पायांवर नसतो, पोटाखालच्या केसांत असतो. पोटाला हळद फासल्यासारखी दिसते. गुलाबाला यानं काही होत नाही, प्रदर्शनात ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी. तीन वेळा मारलेलं औषध मात्र त्याच गुलाबावर येणाऱ्या बाकी सगळ्यांना लागलं असेल. आता थांबा.

प्रश्न : ताई, मधमाश्यांसाठी लावायच्या फुलझाडांची यादी द्या.

उत्तर : यादी देत नाही. यादी दिली की माणसं यादीतलं एकेक रोप आणतात आणि बाग नमुन्यांची पेटी होते. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलावर जाते. ॲरिस्टॉटलनंसुद्धा हे टिपून ठेवलंय. दहा जातींची एकेक रोपं लावण्यापेक्षा एका जातीची दहा एकत्र लावा, मग माशी थांबेल.

आणि जे आहे ते फुलू द्या. तुमच्या तुळशीच्या मंजिऱ्या तुम्ही खुडता ना? एका कुंडीच्या राहू द्या. सब्जा, कोथिंबीर, मेथी, मुळा, शेपू यांची एखादी ओळ न काढता फुलावर जाऊ द्या. शेपूच्या फुलांवर एका सकाळी मी मधमाशी, दोन प्रकारच्या छोट्या एकट्या माश्या, फुलमाशी आणि एक ढालकिडा एकत्र पाहिलेत. झेंडू घ्याल तो एकेरी घ्या. गेंदेदार झेंडू आपल्या डोळ्यांसाठी; त्याच्या पाकळ्यांच्या गर्दीत माशीला जेवायलाच जागा नसते. बोगनवेलीचा रंगाचा पसारा बघून भुलू नका, ती फुलं नव्हेत, रंगीत पानं आहेत. खरं फूल मधे, पांढरं, इवलंसं. सदाफुलीची नळी इतकी अरुंद आणि लांब, की तिथं फुलपाखराची सोंडच पोचते. लाल जास्वंद? माशीला लाल रंग दिसतच नाही, काळपट दिसतो. उलट आपल्याला न दिसणारा अतिनील रंग तिला दिसतो आणि आपल्याला साध्या पिवळ्या वाटणाऱ्या फुलावर तिला वाटेच्या खुणा दिसतात. लाल जास्वंद शिंजीर पक्ष्यासाठी ठेवा. तो बाजूनं बुडखा टोचून मकरंद चोरतो, पण एवढा सुंदर चोर आला तर मी तरी दार उघडं ठेवते.

एक गोष्ट मात्र मधमाशीला जमत नाही, आणि ज्यांच्याकडे वांगी-टोमॅटो आहेत त्यांनी ती नीट वाचावी. या फुलांचा परागकोश मिठाच्या डबीसारखा असतो, टोकाला बारीक भोकं, हलवल्याशिवाय पराग बाहेर येत नाही. मधमाशीला ते हलवणं येत नाही. काळा मोठा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी फुलाला मिठी मारतात, पंख न उघडता छातीचे स्नायू थरथरवतात आणि पराग अंगावर झाडून घेतात. कान देऊन ऐका : उडताना भुंग्याचा आवाज जाड असतो, फूल धरल्यावर एकदम बारीक, वरच्या पट्टीत चढतो. तो आवाज आला की समजा, वांगं धरलं. भुंगाच येत नसेल तर विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश फुलाच्या देठाला दोन सेकंद टेकवा. शेजारी हसतील. माझे हसले होते, आता त्यांनीही घेतलाय. भुंग्यासाठी वाळलेल्या लाकडाचा एखादा जाड ओंडका उन्हात, पावसापासून आडोशाला ठेवा; मादी त्यात करंगळीएवढं भोक पाडून घर करील आणि तुमच्या दाराच्या चौकटीला कदाचित सोडेल. तोंडासमोर घुमत राहणारा असतो तो नर. त्याला नांगीच नसते, नुसता दरारा.

प्रश्न : परसातल्या गळक्या नळावर दिवसभर माश्या. स्वच्छ पाण्याची बशी ठेवली, तिकडे ढुंकून बघत नाहीत. भांडी घासायची सोय राहिली नाही.

उत्तर : स्वच्छ पाण्याला वास नसतो, म्हणून. माशीला शेवाळलेलं, मातकट, किंचित खारट पाणी जास्त आवडतं. ती ते पोळं थंड ठेवायला आणि पिल्लांचं खाणं पातळ करायला नेते. पसरट परातीत खडे आणि थोडं शेवाळ घाला, खडे पाण्याच्या वर राहू देत म्हणजे बुडणार नाहीत. परात आधी नळाखालीच ठेवा. त्यांची सवय लागली की रोज हातभर सरकवत उन्हातल्या कोपऱ्यात न्या, आणि तिथं पोचली की मगच नळ दुरुस्त करा. नळ आधी बंद केलात तर त्या शेजाऱ्यांकडे जातील आणि पुढचं पत्र त्यांचं येईल. परात एक दिवसही कोरडी पडू देऊ नका. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून नवं भरा, शेवाळ तेच ठेवा.

प्रश्न : कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली, पुसायला गेले तर हलली!

उत्तर : फुलपाखराची अळी आहे. लहानपणी तोच तिचा वेष, पक्ष्यानं खाऊ नये म्हणून. मोठी झाली की हिरवी होईल. तेव्हा हळूच डिवचलंत तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडील. चार फांद्या तिच्या, बाकी तुमच्या.

प्रश्न : टांगत्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलंय, तीन अंडी आहेत. झाडाला पाणी घालू की नको?

उत्तर : कडेनं, थोडं, बुलबुल उठून गेली असताना. अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी तितकेच, एवढं झाड तग धरील. पिल्लू खाली पडलं तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी टाकून देतात हे खोटं आहे. रोज फोटो काढायला जाऊ नका. तुम्ही गेलात की मागून कावळाही बघतो, तुम्ही कुठं गेलात ते.

प्रश्न : मी चौथीत आहे. आमच्या खिडकीच्या गजावर मातीचं छोटं मडकं चिकटलंय. लिंबापेक्षा लहान. काल त्याला तोंड होतं, आज बंद आहे. आई म्हणते काढून टाक. आत काय आहे?

उत्तर : आईला सांग, ताईंनी थोडे दिवस मागितलेत.

ते कुंभारणीचं मडकं आहे. कुंभारीण ही बारीक कमरेची एकटी गांधीलमाशी. ती पोटात पाणी भरून आणते, कोरड्या मातीवर सोडते, तोंडानं मळून वाटाण्यापेक्षा लहान गोळी करते आणि ती गोळी इथं आणून पातळ पट्टीसारखी लावते. अशा कितीतरी फेऱ्या. मडक्याला तू पाहिलंस तसं बाहेर वळलेलं तोंडही करते, अगदी चाकावरच्या मडक्यासारखं. मग शेपटीचं टोक आत घालून छताला बारीक धाग्यानं एक अंडं टांगते. त्यानंतर हिरव्या अळ्या आणून आत भरते. त्या मेलेल्या नसतात, नांगी मारून लुळ्या केलेल्या असतात, म्हणजे ताज्या राहतात. डबा भरला की तोंड बंद. तू काल आणि आज यांच्यामध्ये जे पाहिलंस ते हेच. ती आता परत येणार नाही, आणि घर राखायलाही बसत नाही, म्हणून आईला घाबरायचं कारण नाही.

आत अंड्यातून पिल्लू निघेल, अळ्या खाईल, कोश करील. तू एक वही कर. आजची तारीख लिही, मडक्याचं चित्र काढ, पट्टीनं मापं घे, पण हात लावू नकोस. रोज शाळेत जाताना एकदा बघ. एके दिवशी त्याला गोल भोक दिसेल. भोक वरच्या तोंडातून पडलं की बाजूची भिंत फोडून, ते नीट बघून मला कळव, तारखेसकट.